फिरत्या खुर्चीची आणि अडल्या टेबलाची बखर

वाचणारांनी चष्मे पुसोन आणि ऐकणारांनी कान मोकळे करोन बसावे, की पुढील हकिकत लहानसान नव्हे. मोठमोठ्या लढाया मैदानात होतात, तेथे पळावयास जागा असते. ही लढाई दोन खोल्या, एक जिना आणि जिन्याचे एक वळण एवढ्यात जाहली, तेथे पळणारास आधी टेबलाखालोन जावे लागत होते. ज्यांनी हत्ती झुलविले त्यांच्या बखरी बहुत आहेत. ज्यांनी टेबल माडीवर चढविले त्यांची कोणी ओळ लिहीत नाही, आणि हत्ती निदान आपल्या पायांनी चालतो. सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे. जेथे थोडे वाढविले तेथे शोभेसाठी, आणि जेथे कमी केले तेथे घरच्या अब्रूसाठी.

तरी घरच्या थोरल्या बाईसाहेब, ज्यांचे शिक्षण चार इयत्ता आणि तोंड सोळा इयत्तांचे, यांनी पस्तीस वर्षे लोकांच्या गाद्यांचे अभ्रे, खुर्च्यांची कव्हरे आणि खिडक्यांचे पडदे शिवोन संसार चालविला, आणि यजमान निम्म्या वाटेत सोडोन गेले तरी शिवणयंत्र थांबू दिले नाही. त्यांची मोजण्याची रीत अशी की वीत टाकावी आणि कातर चालवावी. गळ्यात टेप असे, परंतु तो केवळ दर्शनी, गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडावा म्हणोन. वितीने मोजलेला पडदा कधी बोटभर आखूड पडला नाही, ऐशी त्यांची ख्याती, आणि ती ख्याती सर्वांत अधिक त्यांच्याच तोंडी होती.

त्यांची सूनबाई वकील. सात वर्षे शहरातले बडे वकील यांचे पदरी चाकरी केली. दावे हिने लिहावे, तारखांना हिने धावावे, आणि नाव बड्यांचे. बसावयास जागा काय, तर झेरॉक्स यंत्राशेजारचे एक टेबल, ज्यावर यंत्राची गरम हवा येई, आणि उन्हाळ्यात सूनबाई कायद्याने कमी आणि हवेने अधिक तापत. मग एके दिवशी तिने राजीनाम्याचा खलिता ठेविला. बडे वकील हसले आणि साऱ्या कचेरीसमक्ष बोलले, की जा बापडे, तीन महिने ते झेरॉक्सजवळचे टेबल रिकामे ठेवतो, परत येशील तेव्हा पुसोन घे.

हा शब्द घरी आला आणि बाईसाहेबांस इंगळी डसावी तैसा डसला.

आता बड्यांशी बाईसाहेबांचे वैर जुने, आणि ते कोणास ठाऊक नव्हते. वीस वर्षांमागे यजमानांच्या दुकानगाळ्याचा कागद करावयास त्या याच कचेरीत गेल्या होत्या. तेथे त्यांस बाहेरच्या बोळात दोन घटका उभे ठेविले, आणि मग कारकुनाने मान वर न करता शाईची गादी पुढे सारली, की बाई, अंगठा. सही येते काय, हे विचारलेही नाही. बाईसाहेबांस सही येत होती. परंतु गाळा हातचा जाईल या भयाने त्या समयी अंगठाच उठला. त्या अंगठ्याची शाई दोन दिवसांत गेली, आणि राग वीस वर्षे टिकला. हे त्यांनी सुनेस सांगितले नाही, पुत्रास सांगितले नाही. बखरीस कैसे कळले हे विचारू नये.

सूनबाईंनी एका घड्याळजीच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि अनामत भरता भरता खजिन्याचा तळ दिसो लागला. इतक्यात जासूद वार्ता घेवोन आला, म्हणजे फोन वाजला. बेकरीवाल्या बाई बोलत होत्या. या बाईंचा धनी वारला आणि दीर बेकरी एकट्याच्या नावे करू पाहात होता. दावा बड्यांकडे होता, परंतु आठ महिने त्याचे सारे काम सूनबाई करीत, हे त्या बाईने टिपले होते. त्यांचा निरोप मोजका: “सोमवारी अकराला येते. बसायला धड जागा असली तर बोलू. नाहीतर तुम्ही तुमच्या, मी माझी.”

म्हणजे मामला ऐसा, की ही बाई बसली तर तिच्यामागोन दुसरी चार माणसे येतील आणि भाडे निघेल. आणि न बसता माघारी गेली तर दुसऱ्या महिन्यात खोल्यांस कुलूप आणि सूनबाई पुन्हा झेरॉक्सच्या वाऱ्यात. हातात दिवस अकरा. खजिना एवढाच की चांगली खुर्ची घ्यावी तर टेबल मोडक्या लाकडाचे, आणि चांगले टेबल घ्यावे तर पक्षकाराने जमिनीवर बसावे.

बाईसाहेबांनी कंबर कसली आणि सरनौबती आपणाकडे घेतली. कोणी दिली नव्हती.

प्रथम मुलुखाची पाहणी जाहली. त्या खोल्यांवर पूर्वी कवळ्या बनविणाराचा अंमल होता. भिंतींस पोपटी रंग, तोही पापुद्रे धरलेला, कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बेसिन, भिंतीभर खिळे, आणि खिडकीच्या चौकटीत एक दाढ सापडली ती जप्त केली. बाईसाहेबांचे पुत्र, म्हणजे सूनबाईंचे यजमान, शाळेत भूगोल शिकवितात, सबब त्यांस जगातल्या साऱ्या खिंडी पाठ, परंतु घरातल्या दोन बायकांमधोन जाणारी वाट त्यांस कधी सापडली नाही. त्यांस भिंती खरवडण्याच्या कामगिरीवर नेमिले आणि ते दोन दिवस पोपटी धुळीने माखोन घरी येत राहिले.

मग रंगाचा तंटा उभा राहिला. सूनबाईंची मर्जी पांढऱ्यावर.

“सगळं पांढरं?” बाईसाहेब बोलल्या. “वकिली करायचीय की आजारी माणसं ठेवायचीयत?”

“आई, पांढऱ्यानं खोली मोठी दिसते.”

“मोठी दिसून काय करायचं? भरायला सामान कुठाय आपल्याकडं?”

अखेर तह जाहला. तीन भिंती पांढऱ्या, आणि वकिलाच्या पाठीमागली एक भिंत गडद निळी. निळी का, तर रंगवाल्याच्या दुकानी एक डबा कोणा गिऱ्हाइकाने मिसळोन घेतला आणि रंग पसंत नाही म्हणोन टाकोन गेला, तो चौथाई किमतीस मिळाला. भिंत रंगविली आणि खोलीस ऐसे तेज चढले की घड्याळजी वर येवोन पाहोन गेला आणि बोलला, आता इथं खोटं बोलायला माणूस बिचकेल. बाईसाहेबांनी ही स्तुती आपल्या नावे जमा करोन घेतली.

पडद्यांस ताग्याचे पैसे नव्हते. बाईसाहेबांनी पस्तीस वर्षांच्या उरल्या तुकड्यांचे गाठोडे सोडिले, त्यातोन राखी, निळ्या आणि दुधी रंगाचे तुकडे निवडले, एकाच रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापोन जोडल्या आणि छतापासोन जमिनीपर्यंत सोडिल्या, की खिडकी बुटकी होती ती उंच दिसो लागली. मग राहत्या घरच्या साऱ्या इमारतीवर खंडणी बसविली: प्रत्येक गॅलरीतोन एक कुंडी. ज्याने कुरकुर केली त्याच्या सोफ्याचे कव्हर बाईसाहेबांनी कधी फुकट नीट करोन दिले होते याची त्यास आठवण देण्यात आली, आणि संध्याकाळपावेतो नऊ कुंड्या दाखल जाहल्या. गुडघ्याएवढ्या बेसिनात सर्वांत मोठे झाड बसविले. ते जणू त्यासाठीच बांधले होते.

पुस्तकांच्या फळ्या सहा आणि कायद्याची पुस्तके अकरा. बाईसाहेबांनी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांस लाल कापडी पुठ्ठे चढवोन आणावयाची तजवीज केली, परंतु येथे सूनबाई अडोन बसल्या. “आई, ज्या वकिलाच्या कपाटातच खोटं, त्याच्याकडं माणूस कागद देईल का?” बाईसाहेबांनी हे मनातल्या मनात तोलले, खरे आहे असे ठरविले, आणि वरकरणी, “बघ बाई, तुझं तूच,” ऐसे बोलोन डिरेक्टऱ्या माघारी नेल्या. फळ्यांवर पुस्तके ऐसपैस मांडली आणि मधोन कुंड्या ठेविल्या. सहा फळ्यांचे समाधान जाहले.

येथवर फौजेस यश येत गेले. येथोन पुढे खुर्चीचे महायुद्ध.

शहरात एका विमा कंपनीची शाखा बुडाली आणि तिचे सामान विक्रीस निघाले. बाईसाहेब पुत्रास घेवोन पहाटे सहास दारी उभ्या राहिल्या, दार उघडताच आत घुसल्या, आणि जी एक खुर्ची बुडाल्या शाखेच्या साहेबाची होती, काळी, उंच पाठीची, हातांस गादी, खाली पाच चाके, एक दांडा ओढला की उंच व्हावी आणि दाबला की बसावी, तिच्यावर जावोन ठाण मांडिले. विकणारा बोलला, आजीबाई, बोली अजून सुरू व्हायचीय. बाईसाहेब बोलल्या, “होऊ दे की. मी बसलेय तोवर.” त्या अर्धा तास उठल्या नाहीत. ज्या कोणी खुर्चीकडे नजर टाकली त्याजकडे त्यांनी ऐसे पाहिले की तो पंख्यांच्या दालनात निघोन गेला. खुर्ची पडत्या भावात हाती आली. परंतु खजिन्यात अशी एकच खुर्ची बसत होती. बाकी चार घरच्या, जेवणाच्या टेबलाभोवतालच्या, त्यांस राखी कव्हरे चढविली.

आता ही एक खुर्ची टेबलाच्या कोणत्या अंगास ठेवावी?

सूनबाईंच्या मते यात विचारण्याजोगे काही नव्हते. “माझ्या बाजूला. वकिलाची खुर्ची वकिलासारखी दिसायला नको? समोरचा बघतो, आई. बड्यांची तर सिंहासनासारखी आहे.”

“त्यांची आहे म्हणूनच,” बाईसाहेब बोलल्या. “ही येणाऱ्याला.”

“येणारा अर्धा तास बसतो. मी दिवसभर बसणार.”

“तू तरुण आहेस. मोड पाठ.”

“हे काय बोलणं झालं?”

“बोलणं नाही, हुकूम आहे.”

कारण विचारले, परंतु कारण सांगावयाचे म्हणजे बोळातल्या दोन घटका आणि शाईची गादी बाहेर काढावी लागती, आणि बाईसाहेब ते मरतील पण काढणार नाहीत. मग सूनबाई रुसल्या आणि बाईसाहेब त्याहोन अधिक रुसल्या. तीन दिवस दोघींचे बोलणे पुत्रामार्फत चालले. “तुझ्या बायकोला सांग, मीठ दे.” “आईंना सांगा, त्यांच्या हाताशीच आहे.” भूगोलाचे मास्तर मधोन जेवीत राहिले. खुर्चीचा निवाडा सोमवारपावेतो तहकूब ठेवोन तिला खाली घड्याळजीच्या दुकानी अमानत ठेविले.

आता टेबलाचे वर्तमान. पाडलेल्या एका शाळेचे दोन सागवानी दरवाजे बाईसाहेबांनी लाकडाच्या वखारीतोन मातीमोलाने उचलिले होते. त्यांचे टेबल करण्याचा हुकूम जुन्या ओळखीच्या सुतारास फोनवर सुटला. सुतार साठीचा, कानाने जरा जड आणि स्वभावाने त्याहोन जड, आणि हात म्हणाल तर फावड्याएवढे.

“लांबी आठ विती, रुंदी चार, उंची चार,” बाईसाहेबांनी फर्माविले.

“फुटात सांगा, वहिनी.”

“फुटात कशाला? माझ्या वितीनं अर्धं शहर झाकलंय. आठ, चार, चार. लिहून घे.”

“टेप घेऊन येतो घरी. अर्ध्या तासाचं काम.”

“सुताराला वीत कळत नाही? मग रंधा ठेव खाली आणि बेकरीत जाऊन पाव विक.”

सुतार दुखावला. त्याच्या चाळीस वर्षांच्या कामावर असा शब्द कोणी टाकला नव्हता. मग त्यानेही ईर्षेने टेप पेटीत फेकला, आणि आठ विती, चार विती, चार विती मोजल्या, अचूक मोजल्या, आणि आपल्या हाताने मोजल्या.

सोमवार उजाडला. नऊ वाजता हातगाडीवरोन टेबल दाखल जाहले, आणि रस्त्यावरची माणसे बाजूस सरली. त्याची लांबी पाहता चार माणसांनी निजावे. उंची पाहता बाईसाहेबांच्या छातीशी आले. बाईसाहेबांनी एकवार पाहिले, आपला पंजा उघडोन पाहिला, सुताराचा पंजा पाहिला, आणि त्यांस सारे उमगले. परंतु मुखावर रेषा हालू दिली नाही. “चढवा,” एवढेच बोलल्या.

मग पुत्र वरोन ओढो लागले आणि सुतार खालोन रेटो लागला, आणि घड्याळजी बाजूस उभा राहोन सल्ला देवो लागला, आणि टेबल सात पायऱ्या चढले, आणि वळणावर आले, आणि त्याचा एक पाय कठड्याच्या गजांत घुसला, आणि एक कोपरा भिंतीत रुतला, आणि मग ते पुढेही जाईना आणि मागेही येईना. आडवे केले, उभे केले, कुशीवर केले, पाठीवर केले. पुत्र वरोन बोलले, की अशा खिंडीत फौजा महिना महिना अडकल्या आहेत. बाईसाहेब खालोन बोलल्या, “त्या फौजेत तू होतास वाटतं.” दहा वाजले. सूनबाई काळा कोट घालोन वरच्या पायरीवर आल्या, टेबल पाहिले, आणि त्यांचा चेहरा त्या तीन भिंतींसारखा पांढरा जाहला. वर त्या कैद, खाली रस्ता, मधे सागवान.

“उचला, तोडा, काहीही करा,” त्या बोलल्या. “ती बाई येईल.”

ती आली. अकराला पाव तास असता आली, कारण बेकरीवाल्यांचा दिवस लवकर चढतो. स्थूल बाई, बुटांवर पिठाचा थर, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पावाची कागदी पिशवी, तीत सारे कागद.

“इथं वकील बसतात ना?”

“बसतात,” बाईसाहेब बोलल्या. “सध्या वर अडकल्यात.”

बेकरीवाल्या बाईंनी जिन्याकडे पाहिले. टेबलाचा एक पाय गजांतोन बाहेर येवोन त्यांच्याकडेच रोखलेला होता. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, म्हणजे निघावयाची तयारी केली. अकरा दिवसांची मोहीम, निळी भिंत, नऊ कुंड्या, सुनेचे सारे आयुष्य, आणि हे एका वितीवर बुडणार!

मग बाईसाहेबांनी घड्याळजीच्या दुकानातोन ती खुर्ची स्वहस्ते बाहेर आणिली, चाकांवरोन गडगडत, फुटपाथावर, आणि आपल्या बाहीने पुसली.

“उभ्या राहू नका. बसा.”

“ही कुणाची?”

“तुमची.”

“वकिलांची दिसतेय.”

“तुमच्यासाठीच आणलीय. चार दिवस भांडण चाललंय माझं तिच्यावरून. बसा हो.”

बेकरीवाल्या बाई बसल्या. मग त्यांनी तो दांडा हेरला, आणि ओढला, आणि खुर्ची वर आली, आणि त्यांनी दुखरा गुडघा हळूच सरळ केला. त्यांच्या मुखातोन ऐसा सुस्कारा निघाला की जैसा भट्टीचे दार उघडले असता निघतो.

“त्या बड्यांकडं एक सोफा आहे,” त्या बोलल्या. “इतका खोल, की बसलं की गुडघे कानाशी. कारकून हात धरून ओढेल तेव्हा उठायचं. मागल्या खेपेला पायात असा गोळा आला, म्हटलं, द्या कुठं सही करायची ती, आणि उठवा मला. काय लिहिलं होतं देव जाणे.”

“तुम्ही बसला तरी होतात,” बाईसाहेब बोलल्या. “मला उभंच ठेवलं होतं. आणि सही येत असताना अंगठा घेतला.”

वीस वर्षांचा राग ऐसा दोन वाक्यांत, फुटपाथावर, अनोळखी बाईपाशी निघोन गेला. वर वळणावर सूनबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकिले. मग वकीलसाहेबा काळ्या कोटानिशी हातापायांवर जाहल्या, टेबलाच्या चार पायांमधोन, शाळेच्या दरवाजांखालोन सरपटत आल्या, कोपराला भुसा, केसांत जाळे, आणि खाली येवोन जिन्याखाली पडलेला निळ्या रंगाचा रिकामा डबा उपडा घातला आणि बेकरीवाल्या बाईंसमोर त्यावर बसल्या. बाई उंच, वकील ठेंगण्या.

“नमस्कार. बोला.”

बेकरीवाल्या बाईंनी त्यांस वरोन खाली न्याहाळिले. मग टेबलाकडे काठी केली. “एवढं अजस्र टेबल कुणी करायला सांगितलं?”

सूनबाईंनी एक क्षण सासूकडे पाहिले. “सुतारकाकांचा हात जरा मोठा आहे,” त्या बोलल्या. “मापात थोडं इकडंतिकडं झालं.”

सुताराने पाय तोडावयास काढलेली करवत खाली ठेविली. “इकडंतिकडं काही नाही. वीत म्हणाल्या, वीत दिली. एक सूत कमी असेल तर करवत खाऊन दाखवतो.”

त्याच समयी घड्याळजीच्या दुकानात अकरा वाजो लागले, आणि त्या दुकानातली कोणतीही दोन घड्याळे एकमेकांस मानीत नसल्यामुळे ते अकरा चार मिनिटे वाजत राहिले. त्या चार मिनिटांत बाईसाहेबांनी जी झुंज दिली ती खुर्चीच्या झुंजीहोन भारी, आणि तिचा साक्षी कोणी नाही. शेवटचे घड्याळ थांबले.

“हात त्याचा,” बाईसाहेब बोलल्या, “हुकूम माझा. तो टेप घेऊन येतो म्हणत होता, मीच येऊ दिलं नाही. माप माझं चुकलं.”

वरोन पुत्राच्या हातोन काहीतरी पडल्याचा आवाज आला. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात उमटले नव्हते.

बेकरीवाल्या बाईंनी काठी खुर्चीच्या हाताशी टेकवोन ठेविली. “आठ महिन्यांत,” त्या बोलल्या, “त्या कचेरीत आमचं चुकलं असं कुणी म्हटलं नाही. तारीख चुकली तरी माझीच चूक.” मग त्यांनी पावाच्या पिशवीतोन कागद काढिले, त्यांवरचे पीठ झटकिले आणि सूनबाईंच्या हाती दिले. “हे मी सही केलेलं. नीट वाचा. आणि हळू वाचा. मला उठायची घाई नाही.”

ऐशी ती कचेरी रस्त्यावर उघडली, पहिला कागद डब्यावर वाचला गेला, आणि वकालतनामा बाईंनी आपल्या मांडीवर पावाची पिशवी ठेवोन तीवर सही केला.

तदनंतर सुताराने टेबल वळणावरच मधोमध कापिले आणि एकाची दोन जाहली. एक अर्धे आतल्या खोलीत निळ्या भिंतीपासोन हातभर अलीकडे, बाजूच्या पांढऱ्या भिंतीस पट्टी ठोकोन टेकविले, आणि त्याचे दोन पाय छाटोन वकिलीच्या उंचीस आणिले. ते रुंदीस अवघे चार विती राहिले, सबब वकील आणि पक्षकार यांस ओरडोन बोलावे लागत नाही. दुसरे अर्धे उंच होते तैसेच बाहेरच्या खोलीत भिंतीस लाविले, त्यावर पाण्याची सुरई, अर्जांचे कागद आणि दोन कुंड्या. जे लोक पुढे पाहावयास आले ते विचारीत, की ही कल्पना कोणा कारागिराची, आणि बाईसाहेब मान हलवोन गप्प राहात. ते गप्प राहणे खोटे बोलण्यात मोडत नाही.

खुर्चीचा निवाडा कोणी केला नाही. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब वर गेल्या तो ती फिरती खुर्ची पक्षकाराच्या अंगास मांडलेली, आणि सूनबाई राखी कव्हराच्या जेवणाच्या खुर्चीवर, पाठीशी उशी घेवोन, लिहीत बसलेल्या.

“पाठ मोडेल,” बाईसाहेब बोलल्या.

“तरुण आहे मी,” सूनबाई बोलल्या, मान वर न करता. मग केली. “आई, त्या बोळात तुम्ही किती वेळ उभ्या होतात?”

“असेल थोडा वेळ.”

“मी सात वर्षं त्याच बोळातनं जात होते.”

बाईसाहेबांनी बेसिनातल्या झाडास पाणी घातले, आणि गरजेपेक्षा अधिक घातले. मग त्यांनी त्या राखी खुर्चीची उशी ओढोन पाहिली, पातळ आहे म्हणाल्या, आणि संध्याकाळी दुप्पट जाड नवी शिवोन दिली.

तीन महिन्यांनी बड्या वकिलांच्या कचेरीस एक पुडके पोहोचले. त्यात झेरॉक्सजवळच्या टेबलाच्या मापाचे एक राखी कव्हर होते, किनारीस निळी पट्टी, आणि सोबत एक ओळ: टेबल आता झाकून ठेवा. माप टेपने घेतले आहे.

आणि अखेरीचे वर्तमान. सुतार एक सागवानी फळी घेवोन आला, त्याच दरवाजांतोन उरलेली, रंधा मारलेली, आणि ती बाईसाहेबांपुढे ठेवोन बोलला, “वहिनी, पंजा ठेवा. आमच्यात पुन्हा भांडण नको.” मागे बादशहा फर्मानांवर पंजा उठवीत असत, तैसा बाईसाहेबांनी उजवा पंजा फळीवर पसरला, अंगठ्यापासोन करंगळीपावेतो ताणोन, आणि सुताराने शिसपेन्सिलीने त्याभोवती रेघ फिरविली. सूनबाईंनी टेप लाविला: सात इंचांस दोन सूत कमी. ते फळीवर लिहिले. सुतार उठो लागला, तो बाईसाहेबांनी फळी सोडिली नाही. पेन्सिल मागोन घेतली, आणि त्या पंजाखाली, घाई न करता, चार इयत्तांच्या अक्षरात आपले पुरे नाव सही केले.

ती फळी सुताराच्या कारखान्यात दारावर ठोकली आहे. येणेप्रमाणे टेबल चढले, खुर्ची योग्य अंगास लागली, आणि गड राहिला. ज्यास शंका असेल त्याने त्या पंजावर आपला पंजा ठेवोन पाहावा. या हकिकतीस मोहोर तीच.